ते नाव मी लिहिलं, हबीब

अरे गाढवा, सहा महिने! नुसते सहा महिने कळ काढली असतीस तर नावामागे डॉक्टर लावून गेला असतास. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. प्रोफेसर तोंडी परीक्षेच्या तारखेबद्दल बोलायला लागले होते. पण तुला दम निघेल तर शपथ! जानेवारीत तिकडे ढाक्यात पोरं रस्त्यावर उतरली आणि इकडे श्टुटगार्टमध्ये तुझा पाय जमिनीवर ठरेना. फेब्रुवारीत निघालास. मे महिन्यात तुझ्या धाकट्या भावाची तार आली. अडतीस वर्षांचा घोडा तू, आणि टायफॉइडने गेलास.

तार सुमनने घेतली. दारातच उभी राहून म्हणाली, "अहो, हबीबभाऊजी गेले." मी म्हणालो, "गेले म्हणजे? फेब्रुवारीतच गेला की तो." खरंच असं म्हणालो. तिने तार माझ्या हातात दिली आणि आत जाऊन गॅस बंद केला.

इथल्या पूर्व बंगालच्या पोरांना टायफॉइड पटत नाही. "गोळीच लागली असणार, सरकार लपवतंय," असं एक जण मला घरी येऊन ठासून सांगून गेला. मी त्याला तुझ्या भावाचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा तो बिचारा हिरमुसला. तू असतास तर खो खो हसला असतास. मला मात्र त्याचा राग आला. मेलेल्या माणसाला निदान त्याचं स्वतःचं मरण तरी असू द्या!

पण ते राहू दे. मला तुझ्याशी एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय आणि ती मी आठ वर्षं लांबवली आहे. एकसष्ट सालच्या त्या पत्रकावर तुझं नाव तू घातलं नव्हतंस. मी घातलं होतं. त्यापायी तुझी शिष्यवृत्ती गेली, तीन वर्षं कारखान्यात गेली, आणि जो प्रबंध तू चौसष्टात संपवला असतास तो एकोणसत्तरातही अर्धवट राहिला. हे तुला माहीत नव्हतं. तुला वाटायचं, आपणच घोटाळा केला. आणि मी तुला तसं वाटू दिलं.

आता पहिल्यापासून सांगतो. तुला माहीत असलेलंही सांगतो, कारण हे दुसरे कोणी वाचतील त्यांना तू कोण ते कळायला हवं.

सत्तावन सालचा ऑक्टोबर. मी पुण्याहून येऊन तीन आठवडे झाले होते आणि वोनहाइमच्या, म्हणजे आमच्या हॉस्टेलच्या, स्वयंपाकघरात उकडलेल्या बटाट्यांकडे बघत रडकुंडीला आलो होतो. तिथे एक काळासावळा, उंच माणूस हेरिंग मासा हळद लावून तळत होता. सगळ्या मजल्यावर वास सुटला होता आणि खालच्या मजल्यावरचे जर्मन खिडक्या आपटत होते. हळद! मी धावतच गेलो आणि हिंदीत म्हणालो, "भाईसाब, थोडी हल्दी मिलेगी?" तू वर बघितलंस, छान हसलास आणि जर्मनमध्ये म्हणालास, "जर्मन बोला, प्लीज." मी चाट पडलो. तुला हिंदी कळली होती हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

महिन्याभराने कारण सांगितलंस, माझ्या नावातल्या 'व'चा कायमचा बंगाली 'ब' करून. "उर्दू मला उत्तम येते, बिनायक. म्हणूनच बोलत नाही. जी भाषा आमच्या छातीवर बसवायला निघालेत, ती मी हळदीसाठीसुद्धा वापरणार नाही." आणि मग आपण दोघं, एक पद्मेच्या काठचा आणि एक मुळामुठेच्या काठचा, तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये हळदीपासून राजकारणापर्यंत सगळं बोलायला लागलो. आपली दोघांची जर्मन सुधारली ती अशी. वर्गात कसली सुधारते!

मी त्या वेळी स्वतःला मोठा चळवळ्या समजायचो. छप्पन साली पुण्यात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात होतो ना! तुला मोठ्या ऐटीत सांगितलं, तर तू पहिला प्रश्न काय विचारलास? "लाठ्या किती खाल्ल्यास?" खरं ते सांगावं लागलं. एक. तीही सायकलच्या कॅरियरला लागली. मी तोपर्यंत एका वाण्याच्या दुकानात गुळाच्या ढेपांमागे लपलो होतो. तू हसून हसून टेबलावर डोकं टेकलंस. नंतर कित्येक वर्षं लोकांशी माझी ओळख "हे आमचे कॅरियरवाले क्रांतिकारक" अशीच करून द्यायचास, नालायका!

आणि मग तू तुझं सांगितलंस. बावन्न सालची एकवीस फेब्रुवारी. ढाका विद्यापीठाच्या फाटकाबाहेर जमावबंदी. तुम्ही पोरांनी ठरवलं, दहा-दहाच्या टोळीने बाहेर पडायचं आणि पकडून घ्यायचं. तू चौथ्या टोळीत. अश्रुधूर सोडला तेव्हा आवारातल्या तळ्यात रुमाल बुडवून डोळ्यांवर दाबलेत आणि परत फाटकाकडे पळालात. इथपर्यंत तू उभा राहून, हातवारे करून सांगायचास. पुढे दुपारी गोळीबार झाला आणि तुझ्या वर्गातला एक मुलगा परत आला नाही. ते मात्र खाली बसून, दोन वाक्यांत सांगायचास. मी कधी जास्त विचारलं नाही.

चोपन्नच्या निवडणुकीवर आलास की मात्र गाडी सुसाट! तुमच्या आघाडीची निशाणी नाव, आणि प्रचारही नावेतूनच. तेवीस वर्षांचा तू, पत्र्याचा भोंगा हातात घेऊन गावागावाच्या घाटावर ओरडत फिरत होतास. घसा बसला तर खुणांनी भाषण केलंस म्हणे. तुझ्या मावशीने मत देऊन आल्यावर विचारलं होतं, "पेटी आता कुठे नेतात रे? मी बरोबर जाते." हे सांगताना तुझ्या डोळ्यांत पाणी यायचं आणि हसूही यायचं. मुस्लिमांचा देश मागून ज्यांनी मिळवला होता, त्या सत्ताधाऱ्यांचा बंगाली मतदारांनी असा धुव्वा उडवला की ते पुन्हा उठले नाहीत. देशाला सात वर्षंही झाली नव्हती! आणि दोन महिन्यांत कराचीहून हुकूम आला, तुमचं सरकार बरखास्त. "त्या दिवशी मला कळलं, बिनायक," तू म्हणायचास, "आम्ही हरलो तरी हरतो आणि जिंकलो तरी हरतो. मग आमची भाषा बोलणारे सगळे मिळून एकच गोष्ट मागू या."

साठ सालच्या मे महिन्यात आमचा महाराष्ट्र झाला. मी वोनहाइममध्ये शिरा केला. खाली लागला, तरी तू दोनदा घेतलास. मला मिठी मारलीस, अभिनंदन केलंस, आणि लगेच बोट रोखलंस. "तुम्ही तुमच्या देशात मूठभर, तरी तुम्हाला भाषेचं राज्य मिळालं. आम्ही आमच्या देशात निम्म्याहून जास्त, आणि आमच्या डोक्यावर लष्कर. सांग, हा कुठला हिशेब?"

मी म्हणालो, "मग आमच्यासारखं मागा ना. प्रांताचे हक्क मागा. देश कशाला मोडता?"

"मोडतंय कोण? घर आमचं आहे आणि आम्ही त्यात भाडेकरूसारखे राहतोय. भाडेकरूने हक्काने खोली मागितली की तुम्ही म्हणता, घर मोडतोय!"

"अरे पण शेवटी वेगळे निघालात तर?"

"ते तू सांगू नकोस. कॅरियरवाल्याने तर मुळीच सांगू नये!"

हा वाद नऊ वर्षं चालला. ट्राममध्ये, पोहायच्या तलावावर, माझ्या लग्नानंतर आमच्या स्वयंपाकघरात. संपला नाही. आता एकट्यानेच दोन्ही बाजू बोलतो, आणि सुमन बाहेरून विचारते, "अहो, कोण आलंय?"

तर ते पत्रक. एकसष्ट सालचा जानेवारी. तुमच्याकडे लष्करी अंमल, चळवळ दबलेली, पुढारी तुरुंगात. तू म्हणालास, एकवीस फेब्रुवारीला जर्मनीतल्या प्रत्येक बंगाली मुलाच्या हातात बंगालीत छापलेला कागद पडला पाहिजे. आखेन, बर्लिन, म्युनिक, कुठे कुठे मिळून चाळीसेक पत्ते जमवले होतेस. नाव मात्र कोणाचं घालायचं नाही, कारण तुझी शिष्यवृत्ती तुमच्याच सरकारची होती. पण छापायचं कसं? बंगाली टाइप इथे कुठून आणणार?

कल्पना माझी होती. त्याचं श्रेय मी आजही घेतो! मी इन्स्टिट्यूटमध्ये नकाशे शाईने गिरवायचं काम करत होतो. तुझ्या प्रबंधातल्या पंपाचे नकाशेसुद्धा दोन वर्षं मीच गिरवत होतो, कारण तुझी रेघ म्हणजे पूर आलेली नदी. मी म्हणालो, ट्रेसिंग पेपरवर तू हाताने लिही. आपण त्याच्या अमोनियावर प्रती काढू, नकाशाच्या काढतात तशा. तू मला उचलून गोल फिरवलंस. खरंच उचललंस, माझी चप्पल पडली.

तीन संध्याकाळी आपण ते लिहिलं. बंगालीलाही आपल्यासारखी डोक्यावर रेघ, म्हणून मी आपला शहाणपणाने पट्टी घेऊन आधी सगळ्या रेघा मारून ठेवल्या. तू किंचाळलास, "ए आणि ओ ला डोक्यावर रेघ नसते, गाढवा!" मग ब्लेडने रेघ खरवडत बसलो. मला बंगाली वाचता येतं ते त्या तीन संध्याकाळींमुळे. काय लिहिलं होतंस तू! मागणी नाही, शिवी नाही, कोणाचं नाव नाही. त्या दिवशी सकाळी फाटकापाशी पोरं काय बोलत होती, कोण डबा विसरलं होतं, कोणाची परीक्षा दुसऱ्या दिवशी होती, एवढंच.

आता मशीनवर हेर क्लाइन, म्हणजे क्लाइनसाहेब. नकाशांच्या प्रती काढणारा तो म्हातारा तुला आठवतोच. भला माणूस, पण नियमाचा पक्का. कागद हातात घेतला की आधी उजवा खालचा कोपरा बघायचा. तिथे चौकट असते, तिच्यात नकाशाचं नाव, माप, तारीख आणि तो कोणी काढला त्याचं नाव. एक जरी घर रिकामं असलं तर "आल्झो, हे भरून आणा" म्हणून कागद परत! वरती मधे काय काढलंय ते तो बघायचाच नाही. म्हणून आपण ठरवलं, कोपऱ्यात खोटी चौकट काढायची. नकाशा: पंपाचं झाकण, छेद. माप: एकास दोन. काढणारा: मायर. असा कोणी मायर इन्स्टिट्यूटमध्ये नव्हता. चौकट भरायचं काम माझं. तू तेव्हा पत्ते लिहीत होतास.

आणि माझ्या हाताने मायर लिहिलं नाही. दोन वर्षं त्या घरात जे नाव लिहीत आलो तेच लिहिलं. तुझं. पूर्ण, सुवाच्य, नियमाच्या अक्षरात.

शनिवारी दुपारी, सगळे घरी गेल्यावर, हेर क्लाइनने कोपरा बघितला, "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणाला आणि चाळीस प्रती काढून दिल्या. घड्या आपणच घातल्या, आणि त्याही सवयीने नकाशासारख्याच, कोपऱ्यातली चौकट वर येईल अशा. चाळीस वेळा तुझं नाव आपल्या दोघांच्या डोळ्यांखालून गेलं. घर रिकामं असतं तर दोघांनाही तेव्हाच खटकलं असतं. भरलेलं होतं, म्हणून कोणाला दिसलंच नाही. इंजिनियरशिवाय कोणी अशी चूक करेल का, सांग!

एप्रिलमध्ये पत्र आलं. शिष्यवृत्ती बंद. सोबत पुरावा म्हणून आपलंच पत्रक, कोणीतरी पोचवलेलं. तू ते घेऊन माझ्या खोलीत आलास, कोपऱ्यावर बोट ठेवलंस. मला वाटलं, आता तू माझ्याकडे बघणार. पण तू म्हणालास, "अरे देवा, मी माझंच नाव लिहून ठेवलं!" आणि हसत सुटलास. ते नियमाचं अक्षर, नकाशांसाठी सगळ्यांना एकाच साच्यात शिकवलेलं. तुझं काय आणि माझं काय, सारखंच दिसतं. कोणी काय भरलं होतं ते तुझ्या लक्षातच नव्हतं. मी तोंड उघडलं. आणि मिटलं.

पहिल्या दिवशी माझ्याकडे कारण होतं. हिंदुस्थानी माणसाने ते कागद बनवले हे बाहेर पडलं असतं, तर तुला हिंदुस्थानचा हस्तक ठरवलं असतं. शिष्यवृत्तीबरोबर पासपोर्टही गेला असता. पण बाहेर न सांगणं वेगळं आणि तुला न सांगणं वेगळं. ते मला त्या दिवशीही कळत होतं.

आणि तू काय केलंस? त्या चुकीची गोष्ट केलीस! जिथे जाशील तिथे सांगायला लागलास. "या जर्मनीने मला असा घडवला, की बंडाच्या पत्रकावरसुद्धा मी नाव, तारीख आणि माप घालून आलो. बंडाचं माप, एकास दोन!" लोक पोट धरून हसायचे. मग तू गंभीर व्हायचास आणि म्हणायचास, "आता नाव फुटलंच आहे, तर लपवायचं कशाला?" आणि बोलायला सुरुवात करायचास. चर्चच्या हॉलमध्ये, कामगारांच्या सभांत, जिथे बोलावतील तिथे. बंगालचा ताग विकून आलेला पैसा कुठे जातो, फौजेत बंगाली किती, कचेऱ्यांत किती. जर्मन बायका स्वेटर विणता विणता थांबायच्या. तू बोलायला लागलास की मला स्वतःचा देश लहान वाटायला लागायचा, इतका जोर होता तुझ्या बोलण्यात. मी मागच्या रांगेत बसून विचार करायचो, बघ, माझ्या चुकीने याचं भलंच झालं. असं म्हणून मी कितीदा सुटका करून घेतली, काय सांगू.

पण सोमवारी पहाटे तू नेकारसुल्मची गाडी पकडायचास. मोटारींच्या कारखान्यात, उभ्याने, तीन वर्षं. पंपाचे नकाशे माझ्या कपाटावर गुंडाळून पडले होते. तू एकदाही कुरकुरला नाहीस. उलट तिथल्या इटालियन आणि तुर्की कामगारांना पूर्व बंगाल कुठे आहे ते डब्याच्या झाकणावर काढून दाखवायचास. चौसष्टात प्रोफेसरांनी अर्ध्या वेळेची नोकरी दिली तेव्हा तू परत आलास. हाताला तेलाचा वास होता आणि केस निम्मे पांढरे झाले होते.

सुमन त्रेसष्टात आली. तिचं पिठलं तुला आवडायचं, "भाबी, हे पिवळं सिमेंट आणखी वाढा" म्हणायचास. तिला मी लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच सगळं सांगितलं. तेव्हापासून तू जेवून गेलास की ती भांडी आवरता आवरता म्हणायची, "अहो, सांगून टाका ना एकदा. खाऊन टाकणार आहेत का भाऊजी तुम्हाला?" मी म्हणायचो, पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी तू परत तीच गोष्ट पाहुण्यांना सांगायचास, "बिनायक साक्षीला आहे" म्हणायचास, आणि मी मान डोलवायचो. तुझी सगळ्यात लाडकी गोष्ट कशी काढून घ्यायची, असं मी स्वतःला समजवायचो. साफ खोटं. मी भीत होतो.

पासष्टच्या सप्टेंबरात आपल्या देशांची लढाई लागली. दोन्हीकडची मुलं मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीत, जेवायला वेगवेगळ्या टेबलांवर बसायला लागली. आणि तू संध्याकाळी आमच्या दारात! "भाबी, आजपासून आपण शत्रू. जेवायला काय केलंय?" सुमनला हसावं की रडावं कळेना. जेवताना तू एकदम शांत झालास. "सगळी फौज पश्चिमेकडे. आम्हाला राखायला कोणीही नाही. कोट्यवधी माणसं, आणि आम्हाला अल्लाच्या नाहीतर तुमच्या दयेवर सोडलंय. बिनायक, आता प्रत्येक कोळ्याला कळलं असेल की हा देश आपला नाही." मी वाद घातला नाही. तेवढी एकच संध्याकाळ.

आणि सहासष्ट! तुमच्या पुढाऱ्यांनी मांडलेल्या त्या सहा मागण्यांचं कात्रण घेऊन तू जिना चढून पळत आलास, धाप लागली होती, तरी उभ्या उभ्या वाचलंस. संरक्षण आणि परराष्ट्र तेवढं केंद्राने ठेवावं, बाकी आमचं आम्ही बघू, आमचा पैसा आमच्याकडे. "कळलं का? कळलं का तुला?" म्हणत माझे खांदे हलवत होतास. मी म्हणालो, "हे राज्य मागणं नाही, हबीब. तुम्ही निघालात." तू म्हणालास, "निघालो तर निघालो!" आणि एकदम थबकलास. स्वतःच्याच तोंडून असं काही ऐकायची तुला सवय नव्हती. मग सुमनने चहा आणला.

या फेब्रुवारीत स्टेशनवर ठरवूनच आलो होतो. गाडी सुटायला वीस मिनिटं होती. मी आधी भांडलो, "सहा महिने थांब, डॉक्टर होऊन जा, तिथे इंजिनियर लागतील." तू म्हणालास, "आत्ता तिथे आवाज लागतोय. इंजिनियर नंतर." मी म्हणालो, "हबीब, ऐक. ते पत्रक, तो कोपरा..." तर तुझा चेहरा खुलला! निरोप द्यायला आलेल्या नव्या पोरांकडे वळलास, "अरे हो, तुम्हाला सांगितलं का मी? बंडाचं माप एकास दोन!" पोरं हसली, गार्डने शिट्टी दिली, तू डब्यात चढलास. खिडकीतून भोंग्यासारखे हात तोंडाशी धरून काहीतरी ओरडलास. मला ऐकू आलं नाही.

तुझ्या भावाने लिहिलंय, तू पोचलास आणि तिसऱ्या दिवशी नावेत होतास. पुन्हा तेच घाट, पंधरा वर्षांनी. मार्चअखेरीस तो लष्करशहा पायउतार झाला तेव्हा तू घाटाच्या पायऱ्यांवर नाचलास म्हणे. दुसरा लष्करवाला बसला तरी तू म्हणत होतास, "आता निवडणूक घ्यावीच लागेल यांना. घेऊ दे, मग बघा!" ताप अंगावर काढलास. एका सभेत दोघांनी धरून उभं केलं होतं. घाटाघाटावरचं पाणी प्यायलास, आणि इथे नळाचं पाणीसुद्धा उकळून प्यायचास, मूर्खा! तुमचं पुढे काय होईल मला माहीत नाही. पण तुझ्या भावाचं पत्र वाचताना मी माझ्या वाण्याच्या दुकानातून पहिल्यांदा बाहेर आल्यासारखं वाटलं.

गेल्या शनिवारी तुझ्यासाठी सभा झाली. नसरीन म्हणून रसायनशास्त्राची मुलगी आहे, तुझ्यामागे इथलं सगळं तीच बघते. ती म्हणाली, "बिनायकभाई, रडणं पुरे. हबीबभाईंची ती गोष्ट सांगा, त्यांच्यासारखीच." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुमन माझ्याकडे बघत होती. मी उठलो.

खरी सांगितली. मायर सांगितला, दोन वर्षांची सवय सांगितली, चाळीस घड्या सांगितल्या. म्हणालो, "ते नाव हबीबने लिहिलेलं नाही. मी लिहिलं. त्याची शिष्यवृत्ती माझ्या हाताने गेली." मग कोणीतरी हसलं, मायेने. आणखी काही जण हसले. नसरीन पुढे आली, माझे दोन्ही हात धरले. "मित्र असावा तर असा," ती सगळ्यांना म्हणाली. "गेलेल्याची चूकसुद्धा स्वतःवर घेतोय." मी म्हणालो, नाही, खरंच. ती म्हणाली, "कळलं मला, बिनायकभाई." मी आणखी ओरडून सांगितलं तर ते आणखी हळवे झाले. एकाने तर मला मिठीच मारली.

येताना सुमन ट्राममध्ये माझ्या शेजारी बसून म्हणाली, "मला माहितीये हो." पण ती माझीच बायको. ज्याने रागवायचं होतं तो नव्हता.

तू असतास तर? मी आज दिवसभर तेच डोळ्यांपुढे आणतोय. आधी खुर्ची ढकलून उठला असतास. मग बंगालीत शिव्या दिल्या असत्यास, ज्या मला आता कळतात. दार आपटून गेला असतास. दोन आठवडे माझ्याशी बोलला नसतास, जास्तीत जास्त दोन. आणि तिसऱ्या आठवड्यात जिन्यावर तुझा आवाज आला असता, "भाबी, तो चोर आहे का घरात?" आणि तेव्हापासून गोष्ट नव्याने सांगितली असतीस, माझ्या नावासकट.

दोन आठवडे, हबीब. तेवढ्या अबोल्याला घाबरून मी आठ वर्षं गप्प बसलो. आता तू कधीच बोलणार नाहीस, आणि मला माफ कर म्हणायला माझ्यासमोर कोणी नाही.